न दुखणारा दाब

प्रिय सुधीर,

पत्र मिळालं. आधीच्या इंजेक्शनांनी डोळ्याच्या मागच्या पडद्याची सूज उतरली नाही म्हणून आता स्टेरॉइड द्यायचं ठरलंय, हे वाचलं. सुईला मात्र तू उगाच घाबरतोयस. भूल देणारे थेंब घालतात, क्षणभर दाबल्यासारखं वाटतं, झालं. दुसऱ्या दिवशी बुबुळाशेजारी रक्ताचा लाल डाग दिसला तरी तो आपोआप जिरतो.

माझी फजिती झाली ती नंतर. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ती ०.७ मिलिग्रॅमची कांडी सुईतून डोळ्यात गेली, थोड्याच दिवसांत ओळी सरळ दिसू लागल्या, आणि सहाव्या आठवड्याची तपासणी मी बुडवली. दिसतंय ना, मग कशाला रांगेत बसा! नवव्या आठवड्यात गेलो तर डोळ्याचा दाब ३४ मिमी पारा. साधारण २१ पर्यंत ठीक मानतात. ना दुखलं, ना डोकं जड झालं. स्टेरॉइडने डोळ्यातल्या पाण्याचा निचरा करणारी जाळी तुंबते, नि दीड-दोन महिन्यांच्या सुमाराला दाब सर्वांत जास्त चढलेला असतो. तसाच राहिला तर डोळ्याची नस सुकते. ती काही परत येत नाही.

दाब उतरवायला टिमोलॉलचे थेंब लिहून देताना डॉक्टरांनी विचारलं, दमा आहे का? आहे की! डोळ्याच्या दवाखान्यात दम्याचं काय सांगायचं, म्हणून मी गप्प होतो. टिमोलॉल दम्याला चालत नाही, मग दुसरे थेंब दिले. सहाव्या महिन्यापर्यंत कांडीचा जोर ओसरला, दाब उतरला, थेंब सुटले. बहुतेकांचं थेंबांवर भागतं, एखाद्यालाच लेसर किंवा शस्त्रक्रिया लागते.

मला पुढे मोतीबिंदूही झाला, तो काढला. तुझ्या त्या डोळ्यात आधीच कृत्रिम भिंग आहे, म्हणजे ती कटकट नाही. पण ऑपरेशनच्या वेळी भिंगामागची पिशवी फाटली होती का, हे कांडी घालण्याआधी नक्की विचार. फाटलेली असेल तर कांडी पुढे सरकून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा करते. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही सांग.

आणि पहिल्या आठवडाभरात डोळा दुखू लागला, लाली वाढत गेली, नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट पाहू नकोस. तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्यात तासातासाचा हिशेब असतो.

इंजेक्शनची तारीख कळव. सहाव्या आठवड्यात फोन करून दाबाचा आकडा विचारणार आहे, थापा मारू नकोस.

तुझा,
अविनाश