तक्रारींची संख्या नव्हे, साम्य पाहावे

महोदय,

लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमचे आकडे आपण पाठ करतो. तो बिघडल्यास पुढे काय, हा प्रश्न मात्र पैसे मोजून झाल्यावर आठवतो. त्यासाठी खरेदीआधी इतर ग्राहकांच्या तक्रारी वाचाव्यात; मात्र निव्वळ संख्येवर जाऊ नये, कारण जास्त खपणाऱ्या मॉडेलच्या तक्रारीही जास्तच असणार. एकच दोष अनेकांनी, वापराच्या साधारण सारख्याच काळानंतर नोंदवला असेल, तर तो रचनेतला असण्याचा संभव मोठा. ॲपलच्या मॅकबुकमधील ‘बटरफ्लाय’ कीबोर्डच्या कळा अडकण्याच्या तक्रारी अशाच साचत गेल्या आणि २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली.

माझ्या लॅपटॉपची बिजागरी चौदाव्या महिन्यात निखळली. झाकण उघडले की स्क्रीनच्या कडेचे प्लास्टिक कटकन उचकटे. वॉरंटी वर्षभराचीच होती. त्या मॉडेलबद्दल हेच गाऱ्हाणे मी खरेदीआधी वाचले होते आणि ‘लोक आदळआपट करत असतील’ म्हणून सोडून दिले होते, हे कबूल करतो. सेवा केंद्राने तीन वेळा तोच अनुक्रमांक लिहून घेतला. सुटा भाग काही आला नाही.

म्हणून दुरुस्ती घरी येऊन करतात की यंत्र केंद्रावर न्यावे लागते, बॅटरीच्या वॉरंटीची मुदत वेगळी आहे का आणि रॅम मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली आहे का, हे आधीच विचारावे; तशी रॅम बिघडल्यास बहुधा अख्खा बोर्डच बदलतात. मदत क्रमांकावर खरेदीपूर्वीच एकदा फोन करून, माणूस बोलायला किती वेळाने येतो, तेही पाहावे.

– एक वाचक