हवामानाच्या चौकटीत भरतीची वेळ पण छापा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज मुंबईचं हवामान येतं, सूर्याचं नाहीतर ढगाचं चित्र, खाली कमाल ३३, किमान २६, झालं. आम्ही इथले जुने लोक ती चौकट वाचतच नाही खरं तर, पण मे-जूनमध्ये अकोला, जालना, जळगाव, लातूरहून नोकरीला नाहीतर अ‍ॅडमिशनसाठी जी पोरं येतात ती वाचतात, आणि ३३ बघून हसतात. "मामा, आमच्याकडं त ४४ रायते, हे काही ऊन हाय का" म्हणणारा माझा सख्खा भाचाच आहे, अकोल्याचा. येताना टेम्पोत घरचा मोठा कुलर घालून घेऊन आला, भाडं वेगळं भरून. आता तो कुलर रूमच्या गॅलरीत उभा आहे, त्यावर टॉवेल वाळत घालतात. म्हणजे वाळत घालतात, वाळत नाहीत ती गोष्ट वेगळी.

कुलर इथं चालत नाही हे आपल्याकडं कुणी आधी सांगतच नाही. कुलर हवा गार करतो ते पाण्याची वाफ करून उडवून, आणि हवा आधीच पाण्यानं भरलेली असेल तर उडणार कुठं? अकोल्यात दुपारी ४३ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर कुलर हिशोबानं २३-२४ पर्यंत हवा खाली आणू शकतो, मुंबईत ३३ डिग्री आणि ७५ टक्के असेल तर फार फार तर २९-३०, आणि वरून रूममध्ये दमटपणा वाढवतो तो वाढवतोच. माठाचं पण तेच, गावाकडं दातांना झिणझिण्या आणणारं पाणी इथं नुसतं मवाळ होतं. आणि अंगाचं पण तेच, घाम येतो पण उडत नाही, त्यामुळं ३३ मध्ये माणूस जेवढा थकतो तेवढा तो गावाकडं ४० मध्ये सावलीत बसला तर थकत नाही. हे नाजूकपणाचं लक्षण नाही, नव्या पोरांनी पाणी आणि मीठ-साखर पोटात जाऊ द्यावं, लोकलमध्ये चक्कर आलेली पोरं दर वर्षी बघतो आम्ही.

हवामान खात्याला पण हे माहीत आहे, म्हणून तर मैदानी भागात ४० डिग्रीच्या पुढं उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो आणि किनाऱ्यावर ३७ लाच होतो (सरासरीपेक्षा साडेचारने जास्त असेल तर). एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात ऊन लागून १४ माणसं गेली तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता. नागपूरकराला ३८ म्हणजे मार्चचा आकडा वाटेल.

मार्च-एप्रिलमध्ये अजून एक भानगड असते ती म्हणजे वाऱ्याची. सकाळी वारा जमिनीकडून येतो, पूर्वेचा, कोरडा आणि तापलेला, मग अकरा-बाराला समुद्राकडून वारा सुटला की पारा तिथंच थांबतो. ज्या दिवशी हा समुद्राचा वारा यायला दोन-तीन वाजतात त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ३८-३९ होतात, कधी ४० पण. म्हणजे दुपारी बाहेर पडायचं की नाही हे कमाल तापमानापेक्षा वारा कधी फिरणार यावर ठरतं, आणि ते कुठल्याच पेपरात येत नाही.

बरं, मुंबई म्हणजे तरी कुठली? ब्रोकर सगळ्यालाच मुंबई म्हणतो. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी, तिथं हिवाळ्याच्या रात्री पण सांताक्रूझपेक्षा दोन-चार डिग्री जास्तच असतात, आणि बोरिवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला किंवा आरेत राहिलात तर जानेवारीत पहाटे चादर शोधावी लागते. कल्याण-बदलापूरला रूम स्वस्त म्हणून जी पोरं जातात त्यांच्यापर्यंत समुद्राचा वारा पोचेपर्यंत संध्याकाळ होते, एप्रिलमध्ये तिकडं ४१-४२ सहज होतात. आणि पावसात तिकडचा प्रश्न समुद्राचा नाहीच, उल्हास नदीचा आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून पडली होती, हजाराच्या वर प्रवासी बोटीनं बाहेर काढले, आठवत असेल. तेव्हा एकच "मुंबई ३३/२६" छापून बदलापूरच्या माणसाला काय कळणार सांगा.

आता पाऊस. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून, जायची ८ ऑक्टोबर, पण तारखेवर रेनकोट घेऊ नका, २०२५ ला तो २६ मेलाच येऊन धडकला, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका लवकर कधी आला नव्हता, आणि त्या मे महिन्यात एकट्या कुलाब्यात २९५ मिलिमीटरच्या वर पडला. मराठवाड्यातून येणाऱ्याला हे आकडे समजायला वेळ लागतो, त्यांच्याकडं अख्ख्या पावसाळ्यात साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पडतो, इथं एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला साडेचौसष्टच्या वर गेला की जोरदार, ११५ च्या वर अतिजोरदार आणि २०४ च्या वर अत्यंत जोरदार, आणि ही "चोवीस तासांची" मोजणी सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असते, म्हणजे तुमच्या सकाळच्या अंकात जो पाऊस छापलेला असतो तो आदल्या दिवशी सकाळीच मोजून झालेला. त्यावर आज छत्री न्यायची की नाही ठरवणारे लोक मी बघितलेत.

शिवाय तो सगळीकडं सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३-७४. त्या दिवशी दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्या माणसाला खिडकीतून काही विशेष दिसतच नव्हतं. म्हणून दादरला ऊन आहे म्हणजे अंधेरीला ट्रॅक कोरडे असतील असं नवीन माणसानं समजू नये, घरच्या स्टेशनचं विचारून मग निघावं. आणि हो, घरासमोर गुडघाभर पाणी आणि नळाला पाणीकपात हे दोन्ही एकाच आठवड्यात होतं इथं, त्यात पालिका खोटं बोलत नसते, पाणी येतं ते मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसा अशा लांबच्या धरणांतून, तिकडं पाऊस पडला नाही तर परळला कितीही पडून उपयोग नाही.

पण खरं दुखणं म्हणजे भरती, ज्यासाठी हे पत्र लिहितोय. पाऊस किती पडला यापेक्षा तो भरतीच्या वेळी पडला की ओहोटीच्या हे इथं जास्त महत्त्वाचं असतं. मुंबईचे जुने नाले इंग्रजांच्या काळातले, तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील असे, ते पण ओहोटी असताना. नंतर ब्रिमस्टोवॅड नावाच्या नालेसुधार योजनेत ते ५० पर्यंत न्यायचं काम निघालं. पण नाल्यांची बरीच तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, समुद्र चढला की दारं बंद करावी लागतात नाहीतर समुद्रच गावात शिरेल, आणि मग पाणी पंपानं उपसून बाहेर टाकायचं, त्यासाठी हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, ब्रिटानिया अशी पंपिंग स्टेशनं बांधलीत. म्हणून तोच पाऊस सकाळी ओहोटीला पडला तर तासाभरात ओसरतो आणि दुपारी भरतीला पडला तर हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट असे सखल भाग भरून जातात. २६ जुलैला पण दुपारी चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती, ते विसरून नुसतं ९४४ म्हणत बसतात लोक.

आता भरतीची वेळ काढायला अ‍ॅप पण लागत नाही, कोकणात आणि आमच्या कोळीवाड्यात जुना हिशोब आहे. कालनिर्णयमध्ये तिथी बघायची, शुद्ध असो की वद्य, तिला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा-अमावास्येला (तिथी पंधरा धरून) सव्वाअकरा ते बारा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो पण लोकल पकडायला तेवढं पुरतं. तशीच दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, मध्ये सहा तासांवर ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं, अष्टमी-नवमीच्या बाजूला भांग, तेव्हा समुद्र मवाळ. पालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, ती यादी एकदा छापून येते आणि मग रद्दीत जाते. आणि उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभं राहून लाट अंगावर घेत रील काढणाऱ्यांना काय सांगायचं, जुहूला, अक्सा बीचला दर पावसाळ्यात कुणाची तरी पोरं बुडून जातात, बहुतेक करून समुद्र नव्यानं बघणारी.

बाकी किरकोळ त्रास चालायचाच. चामड्याच्या बुटाला बुरशी येते, कपाटात डांबरगोळ्या ठेवा, मीठ पाझरतं, पापड चार तासांत मऊ पडतो, समुद्राजवळ रूम असेल तर खाऱ्या हवेनं एसीची कॉइल आणि ग्रिल दोन-तीन वर्षांत गंजतं, "सी फेसिंग" म्हणून जास्त भाडं घेणारा ब्रोकर हे सांगत नाही. ऑक्टोबर दुसरा उन्हाळा समजा. थंडीसाठी स्वेटर एक पुरे, इथं ७.४ डिग्री झाल्याची नोंद आहे ती जानेवारी १९६२ ची, त्या भरवशावर रजई आणू नका. हिवाळ्यात वारा पडला की धुरकं साचतं तेवढं मात्र बघा, दम्याचा त्रास असेल तर तो पावसाळ्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत जास्त होईल.

तर साहेब, मागणी छोटी आहे. चौकटीत कमाल-किमानच्या शेजारी दुपारची आर्द्रता छापा (सकाळी साडेआठची नको, ती वेगळीच असते), भरतीच्या दोन्ही वेळा आणि उंची छापा, कुलाबा, सांताक्रूझ आणि कल्याण-बदलापूर असे तीन वेगळे आकडे द्या. सगळं सरकारी साइटवर फुकट मिळतं, कुणाला तरी रोज दहा मिनिटं बसवावं लागेल एवढंच. जून ते सप्टेंबर तरी करून बघा.

पत्र लांबलंय मला कळतंय. जागेअभावी कापायचं झालं तर बुरशीचं आणि पापडाचं कापा, भरतीचा हिशोब तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, कांजूरमार्ग