चि. मनूस

सांगली

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी काल वाचून संपवली. बाबा झोपल्यावर बसले होते. गेलेल्या बहिणीचा परकर तो पोरगा नेसतो आणि आई काही न बोलता नाडी बांधून देते, तिथे मला पुढचं दिसेना. पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वाससुद्धा लिहिलायस. तेराव्यानंतर तू ताईची अबोली ओढणी उशाशी घेऊन झोपायचास, ते मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

छापायला दे. मुलांनी हे वाचलंच पाहिजे. फक्त मागे तुझा तो काजळ घातलेला फोटो टाकणार म्हणतोस, तिथे माझा जीव अडकतो. असो, फोटोचं बोलायचं नाही असं ठरवलंय.

नागठाण्याचे आजोबा बालगंधर्वांची गोष्ट सांगायचे. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी गेली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. आजोबांना त्याचं केवढं कौतुक! मला मात्र वाटायचं, शालू उतरवल्यावर त्या माणसाला कुणी जवळ घेतलं असेल का? तुझ्या पोराला रडू देणारं माणूस घरात आहे, म्हणून मला तुझं पुस्तक आवडलं. बालगंधर्वांसारखं नेसायला बायका धडपडायच्या. पण ते सगळं नाटकातलं. रस्त्यावर मुलाच्या डोळ्यांत काजळ दिसलं की लोक कसे बघतात, ते मी तुझ्याबरोबर चालताना पाहिलंय. तू २०१४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं सांगतोस, आपण कोण ते आपणच ठरवायचं. पटतं मला. पण रात्री अकराला स्वारगेटला तू एकटाच उभा असतोस रे. उशिराची एसटी धरू नकोस, मित्राला सोबत घे, फोन चार्ज ठेव, कुणी काही बोललं तर उलट उत्तर देऊ नकोस... झालं, सुरू झालं माझं. रागावू नकोस. एक लेकरू गेलंय, म्हणून होतं असं.

अर्पणपत्रिकेत नुसतं ‘ताईस’ नको, तिचं पूर्ण नाव घाल. आणि परकर हिरवा लिहिलायस, तो मोरपंखी होता. गणपती पेठेतल्या दुकानात फतकल मारून बसली होती त्यासाठी, बाबांनी दुसरे चार दाखवले तरी उठेना. तेवढं बदल.

तुझी आई

ता. क. फोटो कुठला घालायचा ते तूच ठरव. छापायच्या आधी मला पाठव मात्र.