बांगलादेश टेलला आहे, मंत्रिमहोदय

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी सांगोला तालुक्यातल्या एका मराठी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतो. गेल्या हिवाळ्यात नववीच्या चार मुलांना घेऊन पुण्यात एका 'मॉडेल यूएन'ला गेलो होतो. ही संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची परिषद. प्रत्येकाला एक देश मिळतो. त्याची बाजू मांडायची, वाटाघाटी करायच्या, ठराव मंजूर करून घ्यायचा. आमच्या एका मुलीच्या वाट्याला बांगलादेश आला. विषय नद्यांच्या पाणीवाटपाचा.

तयारीत मी तिला भारत-बांगलादेशातला 1996 चा गंगा करार समजावत होतो. जानेवारी ते मे, दहा-दहा दिवसांचा हिशेब, गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याला पाणी 70 हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे सर, बांगलादेश टेलला आहे."

तिचं रान निरा उजव्या कालव्याच्या शेपटाला आहे. वरच्यांनी दारं मोकळी सोडली की खाली काय होतं, ते तिला पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

पुण्यात मात्र दोन दिवसांत ती दोन वाक्यं बोलली. सगळा कारभार इंग्रजीत. मराठीत बोललं तर चालेल का, असं मी विचारलं. अध्यक्षस्थानी बसलेला बारावीचा मुलगा अदबीने म्हणाला, नियमात बसत नाही. (खऱ्या संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आहेत, आणि त्या सहांत नसलेल्या हिंदीत वाजपेयी 1977 मध्ये तिथे बोलले होते. लुटुपुटूचे नियम जास्त कडक असतात, काय करणार!) फी, एसटी, राहणं, उसने कोट हे सगळं वर्गणीतून भागलं. दरवर्षी भागणार नाही.

पण आम्हाला पुण्याला जायला पैसे द्या, असं मागत नाही. ही परिषद तालुक्याला आणा, मराठीत.

वक्तृत्व स्पर्धा आपल्याकडे उदंड. तिथे पोरं आपलंच म्हणणं आवाज चढवून सांगतात, टाळ्या घेतात. समोरच्याची अडचण त्याच्या तोंडून बोलायची सवय कुठे लावतो आपण? आणि विषयांसाठी न्यूयॉर्कपर्यंत जायला नको. कृष्णेचं पाणी घ्या. सांगलीच्या पोरांना कर्नाटक करा. त्यांच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519 मीटरवरून 524 वर का न्यायची, हे त्यांना त्या बाजूने मांडू द्या. 2019 च्या पुरात ज्यांची घरं बुडाली, त्यांचीच ही पोरं. आईबाप चिडतील. मी त्यांच्याशी बोलायला तयार आहे. विजापूरकडच्या दुष्काळी शेतकऱ्याला ते पाणी कशाला हवंय, हे कळलं म्हणून सांगलीचा दावा दुबळा होत नाही.

खर्च किरकोळ आहे. पंधरा बाकं गोल लावली की सुरक्षा परिषद बसते, देशांच्या पाट्या पुठ्ठ्याच्या. शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मात्र हवं, कारण ठराव कसा लिहायचा, हरकत कशी घ्यायची हे आम्हालाही शिकावं लागलं.

एक विनंती आणखी. शासन निर्णय काढलात, तर त्यात फोटो लिंकवर भरायची अट घालू नका.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक,
सांगोला, जि. सोलापूर