गोवंडी, एकच स्टेशन

चेंबूर, शुक्रवार रात्र

ती. आई आणि बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. अंधेरीच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडली. सोमवारपासून गोवंडीला, वस्तीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाते. पगार निम्म्याहून थोडा जास्त. लालबागची खोली विकलीत ती याचसाठी का, असं बाबा बोलणार नाहीत, पण आई, तुला त्यांच्या तोंडावर दिसेल. हप्ते भागतायत, सुहासशी बोलूनच केलंय. आणि गोवंडी इथून एकच स्टेशन. सातला घरी असते, गरम पोळी खाते. पूर्वी तुझा फोन यायचा तेव्हा मी कायम घाटकोपरच्या गर्दीत असायचे, आठव.

अंधेरीला मला कुणी वाईट वागवलं नाही. पण महिनाअखेर मोतीबिंदूच्या ऑपरेशनात कुणी किती महागड्या लेन्स बसवल्या त्याचा तक्ता निघायचा. माझं नाव तळाला म्हणून मला लाज वाटायला लागली, तेव्हाच ठरवलं.

बाबा, स्वस्त म्हणजे हलकं नव्हे. मदुराईचे डॉ. वेंकटस्वामी 58 व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 1976 साली 11 खाटांवर त्यांनी अरविंद रुग्णालय सुरू केलं. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, त्याच बोटांनी ऑपरेशनं करायचे. पैसे देणाऱ्यांच्या फीमधून न देणाऱ्यांचं भागवायचं. एका टेबलावर ऑपरेशन चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार. परदेशी लेन्स परवडेना, तर 1992 पासून स्वतःच बनवायला लागले. आमच्याकडे तीच रीत, लहान प्रमाणात. तुम्हाला पटेल, बस डेपोत उगाच उभी राहिली की तुमचाच जीव जायचा.

परवा जरीकाम करणारे एकजण आले, पंचेचाळिशीचे. सुई ओवता येईना म्हणून काम सुटलेलं, डोळेच गेले असं धरून बसलेले. होती नुसती चाळिशी. दीडचा नंबर लावला, तर खिशातून सुई काढली आणि दोरा पहिल्याच फटक्यात आत. तो काढला, पुन्हा ओवला. असं तीनदा. बाहेर रांग लांबत होती, पण माझ्याच्याने त्यांना उठवलं गेलं नाही.

आजीची आठवण आली. शेवटी ती आपल्याला पावलांवरून ओळखायची. तिच्या डोळ्यांचं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालात त्याच वर्षी माझ्या क्लासची फी होती, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला बोल लावत नाही हो.

आता बाबांचं. वाण्याला वीसच्या जागी दोनशेची नोट दिलीत म्हणे. रात्रपाळीहून आलात की झोपेचं सोंग घेतलेल्या माझ्या कानाशी तिकिटाचा पंच वाजवणारे बाबा, ज्यांच्या हिशेबात कधी चार आणे कमी पडले नाहीत, ते! मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. पिकून दगड झाला की काढणाऱ्यालाच जड जातो. दिवाळीआधी या. मी नाही करणार, हात थरथरेल. आमच्या मॅडम करतील. अंधेरीलाच हवं असेल तर तिथे बोलते, रागावणार नाही. पण गोवंडीला केलंत तर मला फार बरं वाटेल.

साखरेचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा. लघवीची रात्रीची गोळीसुद्धा, लाजून घरी ठेवू नका. काही गोळ्यांनी बाहुली नीट पसरत नाही, आधी कळलेलं बरं. नंतर काही आठवडे थेंब असतील, डोळ्यात पाणी नाही, वाकून माडाच्या झावळ्या ओढणं तर नाहीच. आई, हे तू बघायचं. पलंग खिडकीपाशी लावलाय, संडास कमोडचा आहे, कोंबड्या शेजारी सांभाळतील. तुतारीची तिकिटं काढलीत, दोघांनाही खालचा बर्थ.

आणि तांदूळ निवडायला तू अलीकडे अंगणात उन्हात जाऊन बसतेस, ते मी मे महिन्यातच पाहिलंय. तुझाही नंबर काढणार आहे.

तुमची,
बेबी