काका, तुम्ही ‘काही होत नाही’ म्हणाला नाहीत

आदरणीय सार्जंट काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा मागता, म्हणून हे उघडं पत्र लिहिते आहे. बेळगावजवळच्या सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री भागातल्या ज्या घरांत आज पोरं-पोरी विमानाच्या मागं लागली आहेत, तिथल्या आईबापांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

2023 ची संक्रांत रविवारी आली होती. दुपारी हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईनं मोबाईल पुढं केला. नेपाळातल्या पोखऱ्याचं विमान होतं, सकाळी काठमांडूहून निघालेलं. कुणीतरी खालून काढलेल्या त्या व्हिडिओत ते पंख्याचं विमान उतरता उतरता डावीकडं कलंडलं आणि घरांच्या आड गेलं. आत 72 माणसं होती, त्यांत पाच आपल्या देशातली. एकही वाचलं नाही. माझ्या हातातला तिळगूळ तसाच राहिला.

आमचं घर सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळचं विमान गेलं की कुकर लावायचा, अशी माझी वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवसापासून तोच आवाज आला की पोटात गोळा यायचा. त्यात लेक बारावी सायन्सला, आणि पहिलीपासून एकच धोशा, पायलट व्हायचं.

मग लोकांची बोलणी सुरू झाली. त्या विमानात अंजू खतिवडा नावाची महिला वैमानिक होती. तिचा नवराही वैमानिक, तो 2006 मध्ये जुमल्याला त्याच कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातात गेला होता. तो गेल्यावर मिळालेल्या पैशांतून ती शिकली आणि त्याच कंपनीत विमान उडवू लागली. हे वाचून कुणी म्हणे नशीबच फुटकं, कुणी म्हणे बाई चालवत होती ना, मग दुसरं काय होणार. शाळेच्या स्टाफरूममध्येही हेच. मी शिक्षिका असून गप्प बसले, आणि त्याच रात्री पोरीला सांगितलं, पायलटच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरायचा नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

बारावीनंतर ती मुकाट्यानं बीएस्सीच्या वर्गात जाऊन बसली. पुढच्या संक्रांतीच्या आठवड्यात गुडघा धरत धरत तुम्ही आमच्या पायऱ्या चढलात. हातात कागदांचा गठ्ठा होता. नेपाळच्या चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल डिसेंबरात आला होता, तो तुम्ही छापून, पेन्सिलीनं खुणा करून आणला होता. खुर्चीवर बसता बसता म्हणालात, “बाई, काही होत नाही असं सांगायला मी आलो नाही. काय झालं ते सांगायला आलोय.”

जुन्या कॅलेंडरच्या पानामागं तुम्ही दोन वैमानिकांच्या मधला कट्टा काढलात. इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे दांडे, त्यांच्या शेजारी पंख्यांच्या पात्यांचे दांडे, त्यांच्या शेजारी फ्लॅप्सचा. उतरताना वेग कमी करायचा असतो, तेव्हा पंखाच्या मागची फ्लॅप्स बाहेर काढली की विमानाला आधार मिळतो. अंजू विमान चालवत होती, तिनं फ्लॅप्स 30 अंशांवर मागितले. शेजारच्या कॅप्टननं तसं उत्तरही दिलं, पण त्यांचा हात पात्यांच्या दोन्ही दांड्यांवर गेला. फ्लॅप्स त्या क्षणी 15 वरच राहिले, आणि दोन्ही पंख्यांची पाती वाऱ्याशी समांतर होऊन बसली. पुढची तपासणी यादी झाली, तरी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे मला कळेना. तेव्हा तुम्ही विचारलंत, “मोटारसायकलवर मागं बसून तळहात वाऱ्यासमोर धरला तर काय होतं? आणि सुरीसारखा आडवा केला तर?” पात्यांचं तेच झालं होतं. वारा नुसता कापला जात होता, मागं ढकलला जात नव्हता. मग आमच्या ह्यांच्याकडं वळून म्हणालात, “मोटर चालू आहे, पण व्हॉल्व्ह बंद. शेतात पाणी येईल का?” इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. अंजूनं दोनदा सांगितलं की ताकद येत नाही.

मी विचारलं, मग चूक त्या कॅप्टनची? काका, तेव्हा तुमचा आवाज चढला. 21 हजारांहून जास्त तास उडवलेला माणूस होता तो, त्याला एका शब्दात निकालात काढू नका म्हणालात. पंधराच दिवसांपूर्वी सुरू झालेला विमानतळ, उतरताना बदललेली धावपट्टी, डोंगरांमधलं अरुंद वळण, कामाचा ताण, अपुरं प्रशिक्षण, कॉकपिटमध्ये न पाळलेले नियम. अहवालातली एकेक ओळ तुम्ही मराठीत करून सांगितलीत. ‘नशीब’ हा शब्द त्यात कुठंच नव्हता. ‘बाई’ हाही नव्हता.

ह्यांनी शेवटी विचारलं, “मग हे पुन्हा होणार नाही ना?”

तुम्ही बराच वेळ कागद नीट लावत बसलात. “होऊ शकतं,” म्हणालात, आणि पाणी मागितलंत.

दुसऱ्या कुणी धीर दिला असता तर मी मानही डोलावली असती आणि फॉर्मही भरू दिला नसता. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मी तो भरू दिला. इथल्या हवाई दलाच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये तुमच्यासमोर बसून शिकलेली पोरं आज कुठं कुठं असतील, त्यांना तुम्ही असंच शिकवलं असणार.

पुढं तीन महिने रोज संध्याकाळी तुम्ही तिला फिजिक्स शिकवलंत, एक रुपया घेतला नाहीत. जेवणाच्या टेबलावर लाटणं, पळी, झारा ओळीनं मांडून तुम्ही तिच्याकडून घोकून घेत होता: हात लाव, बघ, मोठ्यानं बोल, मगच ओढ. चुकली की परत पहिल्यापासून.

घर बँकेकडं ठेवून कर्ज काढलं आहे. ती आता शिकाऊ विमानात बसते. सुट्टीला घरी आली की गॅस पेटवतानासुद्धा बटणावर हात ठेवून आधी बघते, ओठ हलतात, मग फिरवते. मी शेजारी उभी राहून बघते.

ते कॅलेंडरचं पान मी फ्रेम करून फळीवर ठेवलंय. पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाचे वडील ते बघायला येणार आहेत, त्यांचीही तीच भीती आहे. शनिवारी तुम्ही आलात तर बरं होईल. काकूंनाही आणा, आंबोळ्या घालते. पायऱ्यांचा त्रास नको, खालीच पडवीत बसू.

तुमची,
सांबऱ्याच्या शाळेतल्या बाई