‘पेन्स’मधला शेवटचा ‘स’

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास. “बाबा, अख्ख्या अर्जात तुला फक्त तो एक ‘स’ दिसला?” हे तुझं शेवटचं वाक्य. दिसला, खरं आहे. त्या ओळीत तू काय सांगत होतीस ते आधी दिसायला हवं होतं, ते राहिलं. म्हणून लिहायला बसलोय. ‘स’बद्दलच लिहीन, मनगटाचा विषय काढणार नाही, असं आईला कबूल केलंय.

तुझं वाक्य होतं, ‘आय टुक पेन फॉर धिस प्रोजेक्ट’, म्हणजे या प्रकल्पासाठी मी कष्ट घेतले. यातलं ‘टुक’ बरोबर आहे आणि त्याबद्दल तुझं कौतुक करायला मी विसरलो. ‘कष्ट केले’ मनात ठेवून इंग्रजी लिहिणारे हमखास ‘डिड पेन्स’ लिहितात. खरं तर आपल्याकडे मेहनत घेतात, परिश्रम घेतात, तसदीही घेतात. तेच ‘घेणं’ इंग्रजीत चालतं. ‘गिव्ह’ नाही, ‘मेक’ नाही, ‘टेक’.

अडतं ते पुढे. ‘पेन’ एकटं आलं की ते दुखणं. (देवनागरीत लिहिलं की लेखणीसुद्धा तशीच दिसते, हा आपल्याकडचा जादा घोळ.) कष्ट या अर्थी तो शब्द कायम अनेकवचनी, ‘पेन्स’, आणि बोलताना शेवट ‘झ’कडे झुकतो. अनेकवचनी असून मोजता मात्र येत नाही, ‘मेनी पेन्स’ कुणी घेत नाही. वजन वाढवायचं तर ‘ग्रेट’, ‘कन्सिडरेबल’, ‘पर्टिक्युलर’ यांतलं काही तरी लाव. नुसतं अनेकवचन पाहून फसूही नकोस. ‘चेस्ट पेन्स’ म्हणजे छातीतल्या कळाच. मागे ‘टेक’ आणि पुढे काम, या दोघांच्या मध्ये आला की तो शब्द मेहनतीचा होतो.

आता ‘फॉर’. पुढे क्रियापद असेल तर ‘टू’ : ‘शी टुक ग्रेट पेन्स टू चेक एव्हरी डेट’. पुढे वस्तू किंवा काम असेल तर ‘ओव्हर’ किंवा ‘विथ’ : ‘शी टुक पेन्स ओव्हर द इंडेक्स’. ‘फॉर’ आला की गाडी भलत्याच रुळावर जाते, कारण ‘फॉर हर पेन्स’ हा वेगळाच वाक्प्रचार आहे. केलेल्या कष्टांचं जे फळ मिळालं ते, आणि बहुतेक वेळा उपरोधानंच. एखादी मदतीला धावली आणि बोलणी खाऊन आली, तर ‘शी गॉट अ स्कोल्डिंग फॉर हर पेन्स’. परवा ते ‘हर’ नव्हतं, ‘हिज’ होतं, पण ते जाऊ दे.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. हाडांची काडं केली, रक्ताचं पाणी केलं, यात घाम असतो. ‘टेक पेन्स’मध्ये घाम असेलच असं नाही, काळजी असते. शंभर पोती गाडीत भरणं ही मेहनत, पण तिथे हा वाक्प्रचार शोभत नाही. प्रत्येक पोत्याची शिवण आधी पाहिली, तळाला हात देऊन उचललं, ओलसर निघालेली बाजूला काढली, तर शोभतो. चूक होऊ नये म्हणून गरजेपेक्षा जास्त दिलेलं लक्ष, एवढाच त्याचा गाभा. मराठीत याला जवळचा शब्द आहे ‘निगुतीनं’. क्रियापदाला जोडून येतो तेव्हा बऱ्याचदा नुसतं ‘आवर्जून’ पुरतं. ‘स्पेअर नो पेन्स’ म्हणजे हातचं काही न राखता.

तुझ्या निळ्या वहीतलं ‘ळ’चं पान आठवतंय? पहिला ‘ळ’ डावीकडे कललेला. खोडलास. दुसऱ्याचा उजवा फुगा मोठा झाला, तोही खोडलास. खोडून खोडून कागद पातळ होत गेला आणि आठव्याला भोक पडलं. मग मागून चिटोरा चिकटवून त्याच्यावर नववा काढलास, आणि तो सरळ आला. जीभ बाहेर, पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की नखं पांढरी. तेव्हाही मनगट

असो. लिहिणार नाही म्हटलंय.

‘पेनस्टेकिंग’कडे वळू. कानाला ‘पेन’ आणि ‘स्टेकिंग’ असं ऐकू येतं म्हणून बरेच जण शब्द तिथे तोडतात. ‘स’ पहिल्या तुकड्याचा आहे : पेन्स, टेकिंग. लिहायचं अखंड, मधे जागा नाही. कामालाही लागतं आणि माणसालाही. ‘पेनस्टेकिंग रिसर्च’ म्हणजे एकेक दुवा तपासत केलेलं संशोधन. वेळ खाणाऱ्या, बारीक कामालाच ते साजतं, झटपट उरकलेल्या चांगल्या कामाला लावलं तर खोटं वाटतं.

‘ॲट पेन्स’ हा त्याचा भाऊ, पण स्वभाव निराळा. त्याच्यापुढे बहुतेक सांगण्या-दाखवण्याची क्रियापदं येतात : पॉइंट आउट, एक्स्प्लेन, स्ट्रेस. ‘शी वॉज ॲट पेन्स टू पॉइंट आउट’ म्हणजे तिनं आवर्जून सांगितलं, पण त्या आवर्जूनमध्ये थोडी धास्ती असते, समोरच्याचा भलताच समज होऊ नये याची. “हात ठीक आहे बाबा, अगदी ठीक आहे, खरंच ठीक आहे” असं एका फोनमध्ये तीनदा सांगणं म्हणजे ‘ॲट पेन्स’. इतका नेमका दाखला मला दुसरा सुचत नाही.

आणि हा वाक्प्रचार सद्गुणी नाही. ‘शी टुक ग्रेट पेन्स टू हाइड इट’ हे तितकंच शुद्ध इंग्रजी आहे. लपवणाराही निगुतीनं लपवतो. व्हिडिओवर बोलताना उकाड्यातही लांब बाहीचा सदरा घालतो, उजवा हात टेबलाखाली ठेवतो आणि कप डाव्या हातानं उचलतो. पट्ट्याची कड मला दिसली, मनू.

शब्द मोडला. आईला सांगू नकोस.

नकाराची जागा सांभाळ, तिथे अर्थ उलटतो. ‘शी टुक पेन्स नॉट टू वेक देम’ : त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ती जपून वावरली. ‘शी डिड नॉट टेक पेन्स टू वेक देम’ : उठवायची तिनं फारशी खटपटच केली नाही. एक ‘नॉट’ इकडचा तिकडे गेला आणि काळजीवाहू मुलगी बेफिकीर झाली. तुझ्या दुसऱ्या पानावर, सहलेखकांच्या परिच्छेदात, नेमकं हेच झालंय.

तिसऱ्या पानावर ‘थँक यू फॉर टेकिंग द पेन ऑफ रीडिंग’ आहे. हे आपल्या देशात सर्रास लिहितात, पण इंग्रजी वाचकाला ते ‘माझं वाचण्याचं दुखणं सोसल्याबद्दल आभार’ असं काहीसं लागतं. तिथे तुला हवी आहे ती ‘तसदी’, म्हणजे ‘ट्रबल’ : ‘थँक यू फॉर टेकिंग द टाइम टू रीड धिस’ किंवा ‘द ट्रबल टू रीड’. ‘ट्रबल’ असतो दुसऱ्यानं सौजन्यापोटी घेतलेला त्रास. ‘पेन्स’मध्ये कामाचा कस असतो. वाचणाऱ्यानं तसदी घेतली. पेन्स घेतलेस ते तू.

तरीही, एवढं सगळं सांगून झाल्यावर माझं मत असं की अर्जात स्वतःबद्दल हा वाक्प्रचार वापरूच नये. दुसऱ्यानं म्हटलं तर ती पावती, स्वतः म्हटलं तर गाऱ्हाणं. शिफारसपत्रात तुझे मार्गदर्शक ‘शी टेक्स ग्रेट पेन्स विथ हर वर्क’ लिहितील तर छान. तू फक्त काय केलंस ते लिही. माझा मसुदा : ‘आय कॅटलॉग्ड ४,२०० मॅन्युस्क्रिप्ट एंट्रीज अँड चेक्ड ईच वन ट्वाइस अगेन्स्ट द ओरिजिनल.’ सूची केली, प्रत्येक नोंद मूळ प्रतीशी दोनदा ताडली. वाचणारा ‘पेनस्टेकिंग’ हा शब्द स्वतःच उच्चारेल.

४,२०० नोंदी दोनदा म्हणजे ८,४०० वेळा. ही बेरीज मी काल रात्री केली. अर्ज पहिल्यांदा वाचतानाच करायला हवी होती, ‘स’च्या आधी. दादा म्हणाला तेच बरोबर, लाल शाई हातात आली की मला माणूस दिसत नाही. चुकलो.

शब्दाचं मूळ सांगून थांबतो, तुला आवडेल. लॅटिन ‘पोएना’ म्हणजे दंड, शिक्षा. तिथून जुन्या फ्रेंचमधून ‘पेन’ आलं. ‘पेनल्टी’ आणि ‘सबपीना’ (कोर्टाचं समन्स) त्याच घरातले. शिक्षेचा तो जुना अर्थ ‘ऑन पेन ऑफ डेथ’मध्ये अजून शिल्लक आहे, म्हणून तिथे एकवचन. झुरणे या अर्थाचं ‘पाइन’ हे क्रियापदही मुळात त्या लॅटिन शब्दाचंच. म्हणजे त्या शब्दाच्या मुळाशी शिक्षा आणि वेदना आहे. तू वाक्यात ‘स’ गाळलास तेव्हा मला वाटलं, नजरचूक. आता वाटतं की एकवचनच खरं होतं आणि मी ते दुरुस्त करत बसलो.

पट्टा नुसता बांधून भागत नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होतात का, रात्री मुंग्यांनी जाग येते का, वस्तू हातातून निसटते का, हे तीन प्रश्न डॉक्टर विचारतील, उत्तरं आधीच लिहून ने. माउस डाव्या हाताला घे. टंकताना मनगट वर मुडपून ठेवू नकोस, कोपराच्या रेषेत सरळ राहू दे. आत्याला जो व्यायाम दिला होता तो विचारल्याशिवाय करू नकोस, तिचं दुखणं वेगळं होतं.

अर्जाची मुदत शुक्रवारची आहे ना? दुसरं आणि तिसरं पान मला पाठव, मी इथून टंकून देतो, तू फक्त बोल. लाल शाई वापरणार नाही. आणि डॉक्टरांची वेळ घेतलीस की एका ओळीत कळव, डाव्या हातानं लिहिलेली असली तरी चालेल. अक्षर वाकडं आलं तर काही म्हणणार नाही.

तुझा,
बाबा